रिकाम्या हातानं आलेली माणसं

माधवनगर, सांगली
११ ऑगस्ट २०२५

सौ. राजेश्वरी वहिनींना दिलशादचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

हे पत्र बघून तुमच्या कपाळाला आठी पडली आसंल. पडू दे. फोन लावून लावून बोट दुखलं माझं. माझा नंबर लागत न्हाई, बशीरभाईचा लागत न्हाई. शेजारच्या जीनतच्या फोनवरनं लावला तर तुमच्या मालकांनी, शंभूराजदादांनी उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. म्हणून हे पत्र तुमच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं आसतं तर तुमच्या हातात पडलं नसतं.

जूनमध्ये तुमच्या सासूबाई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि बशीरभाई तुमच्या गावाला आलो, तवा तुमी मला तांब्याभर पाणी दिलंत. बाकी कुणी बसा पण म्हणालं न्हाई. तेवढ्या ओळखीवर लिवतेय.

तुमच्या सासूबाई बनुबाई, म्हणजे आमची आक्का. ती आमच्याबद्दल तुमाला काय बोलली आसंल ठाऊक न्हाई. तुमच्या गावात लोक काय बोलतात ते मात्र ठाऊक हाय. म्हणून एकदा माझ्या तोंडानं ऐका. आक्का आजारी बहिणीला बघायला म्हणून माधवनगरला आली. बहीण गेली, पण आक्का काय परत गेली न्हाई. तिच्या खोलीला लागून माझी खोली. मी ब्लाउज शिवायची, नवरा सोडून गेलेला. माडीवर बशीरभाई, कुपवाडला लेथवर कामाला, बिनलग्नाचा आणि कुणाशी चार शब्द न बोलणारा. आक्कानं एक दिवस गवंडी बोलवून मधल्या भिंतीला दार पाडलं. घरमालकाला इचारलं बी न्हाई. म्हणाली, तीन माणसं आणि तीन ठिकाणी गॅस जाळायचा, काय लाज हाय का न्हाई तुमाला. तवापासून तिघांचं एकच जेवण, अठरा वर्षं.

गल्लीतल्या बायका कुजबुजायला लागल्या. आक्का नळावर गेली, कमरेवर हात ठेवून हुबी राहिली आणि म्हणाली, "व्हय, मी ठेवलंय दोघांना. तुमाला जागा पायजे आसंल तर रांगेत हुबं ऱ्हावा." त्या दिवशी नळावर भांडण झालं न्हाई.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्यानं दिलेला काळा गॉगल तिनं शेवटपर्यंत सोडला न्हाई. तो घालून बशीरभाईच्या गाडीवर मागं बसायची, आणि सिग्नलला शेजारच्या कॉलेजच्या पोरांना इचारायची, "लावता का रं रेस?" पत्त्यात लबाडी करायची. धरली की म्हणायची, म्हातारीवर आळ घेतोस व्हय. रमजानमध्ये आमाला पहाटे सहरीच्या जेवणाला ताट वाजवून उठवायची आणि आमच्याबरोबर सोताबी पोटभर जेवायची. वर दुपारी परत जेवायची. रोजा तुमचा हाय, म्हणायची, माझ्या पोटाला कुणी सांगितलंय.

आता ज्यासाठी लिवतेय ते. मे महिन्यात तिला धाप लागायला लागली. शंभूराजदादा गाडी घेऊन आले. ती हलायला तयार न्हाई. शेवटी बशीरभाईनं समजूत काढली, की साताऱ्याला दादांचं मिलिटरीचं कार्ड चालतंय, मोठा दवाखाना हाय, बरी होऊन ये. त्यानंच उचलून गाडीत बसवली. तवा आक्का त्याला म्हणाली, "तूबी हाकलतोस व्हय रं बशा." आणि तोंड फिरवलं. गाडी कोपऱ्यावर वळंस्तवर तिनं मागं बघितलं न्हाई. त्यानंतर तुमचे फोन बंद, आणि मग ती गेल्याचीच बातमी. ती पण तुमच्या पावण्यातल्या कुणाच्या तरी स्टेटसवर बघितली आमी.

तवापासून बशीरभाईचं काय खरं न्हाई. काम सोडलं. दोन घास खातो आणि ताट सारतो. दिवसभर त्या पाडलेल्या दारात बसून ऱ्हातो. बोलला तर एवढंच, "आक्का माझ्यावर रागावूनच गेली का गं?" मी काय सांगू? मी हुते का तिथं? तुमी हुता. शेवटी ती काय बोलली, बशाचं नाव काढलं का, राग गेला हुता का, तेवढं सांगा. दुसरं काय मागत न्हाई.

तुमची
दिलशाद मुजावर

•

२० ऑगस्ट २०२५

दिलशादबाई,

पत्र मिळाले. यापुढे अंगणवाडीत पत्र पाठवताना पाकीट नीट चिकटवत जा. मदतनीस बाईंच्या हातातून मी ते ओढूनच घेतले. आणि मला वहिनी म्हणायचे काही कारण नाही. आपले नाते नाही.

सासूबाई झोपेतच गेल्या. काही बोलल्या नाहीत. त्रास झाला नाही. बशीर यांना तसे सांगा आणि त्यांना डॉक्टरकडे न्या.

खरे तर इथेच पत्र संपवणार होते. पण तुम्ही अठरा वर्षांचा हिशोब मांडलात, तर माझाही थोडा ऐका. ही अठरा वर्षे मला येणाऱ्या-जाणाऱ्याने एकच विचारले, सासू का गं गेली घर सोडून? लग्नात, बारशात, हळदीकुंकवाला. तोंडावर विचारणाऱ्या परवडल्या. न विचारता नुसत्या बघणाऱ्या जास्त. मी सासूबाईंना कधी उलट बोलले नाही. त्यांच्या आधी जेवले नाही. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले नाही. तरी त्या गेल्या, आणि गेल्या त्या तुमच्याकडे. गॉगल घालून गाडीवर फिरल्या म्हणता. इथे आल्या की डोक्यावरचा पदर हलू द्यायच्या नाहीत. तुम्ही लिहिता ती बाई मी कधी बघितलीच नाही.

आणि एवढे तुमचे प्रेम होते, तर एक विचारते. मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल असे नाही. सोयरेधायरे कडू घास घेऊन येतात. पिठले-भाकरी, आमटी-भात, ज्याला जे जमेल ते. गुंडा नावाचा आमचा गडी, हातावर पोट, रानात मजुरी करतो, त्याची बायकोसुद्धा चार भाकरी फडक्यात बांधून घेऊन आली. तुम्ही दोघे सांगलीहून आलात आणि रिकाम्या हाताने आलात. माझ्या माणसाचे डोके तिथेच फिरले. तुम्ही परत गेल्यावर भावकीच्या बायका हेच बोलत होत्या, अठरा वर्षे म्हातारीच्या हातचे खाल्ले आणि एक भाकरी आणवली नाही.

राजेश्वरी

•

माधवनगर
२९ ऑगस्ट २०२५

राजेश्वरी वहिनी,

वहिनीच म्हणणार. तुमाला नको आसंल तर तेवढा शब्द सोडून पुढचं वाचा.

तुमचं पत्र वाचलं आणि शिलाई मशीन बंद करून बसले. डोकं एवढं तापलं की दोन दिवस उत्तर लिवलं न्हाई. लिवलं आसतं तर शिव्याच लिवल्या आसत्या, आणि त्या मला आक्कानं लय चांगल्या शिकवल्यात.

आमी रिकाम्या हातानं आलो, खरं हाय. कडू घास कोण आणतं वहिनी? सोयरे आणतात, पावणे आणतात, शेजारी आणतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं तो आणतो का? तुमी तुमच्या सासूचा कडू घास डोक्यावर घेऊन गावात फिरला हुता का? आमच्यातबी तसंच हाय. मयताच्या घरात तीन दिवस काय शिजत न्हाई, बाहेरचे आणून घालतात. आमी बाहेरचे म्हणून आलोच न्हाई. घरचं माणूस गेलं म्हणून आलो. जीनत म्हणालीबी, मोकळं कसं जाताय, भाकरी थापून देते. बशीरभाईनं तिला गप केलं. म्हणाला, आपल्याच घरी आपणच कडू घास न्यायचा व्हय?

आता इकडचं सांगते. आक्का गेल्याचं कळलं तवा मी गॅसचं बटण बंद केलं ते तीन दिवस उघडलं न्हाई. कुणी काय आणलं न्हाई. जीनत सोडून गल्लीला वाटलं, म्हातारी तिच्या पोराकडं गेली, मयत तिकडं झाली, दुखवटा तिकडचा. माझ्या बहिणीला मिरजेला फोन केला, तर ती म्हणती, अगं तुमच्यात कुठं कोण गेलंय. जीनतनं चहा दिला, त्यावर राहिलो. चौथ्या दिवशी माझ्या हातानं मी भात टाकला आणि तिथंच मला रडू आलं. सोताच्या घरचं सुतक सोताच सोडायचं, हे कधी कुणाला करायला लागू नये.

आणि बशीरभाई अगदी मोकळा आला नव्हता. त्याच्या पिशवीत भडंगाचा पुडा हुता. आक्काचं एक हुतं. पत्त्यात हरली, न्हाईतर कुणी तिचं ऐकलं न्हाई, की ती रुसायची. भिंतीकडं तोंड करून पडायची, तोंडानं एक शब्द न्हाई. मग बशीरभाईनं सांगलीत जाऊन भडंग आणायचं आणि तिच्या उशाला ठेवायचं. बोलायचं न्हाई, नुसतं ठेवायचं. थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करूनच ती खायला लागायची, कुरुकुरु आवाज यायचा, आणि आमी समजायचो की मिटलं. गाडीत तोंड फिरवून गेली तवापास्नं हा पुडा आणायचा राहिला हुता. सावडायच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात, म्हणून त्यानं तो आणला. तुमच्या रानाच्या कडंला शंभूराजदादांनी हात आडवा केला. "बाहेरच्यांनी इथंच थांबायचं." पुडा परत आला. अजून फळीवर हाय, रबर लावून.

आणि तुमाला वाटतं ती तुमच्यामुळं गेली? आक्का तुमच्याबद्दल काय म्हणायची सांगते. "सून माझी लाखात एक हाय. पण तिनं मला आईसाहेब करून ठेवलंय गं. सकाळ-संध्याकाळ पाया पडून घ्यायचा वीट आला मला. एक दिवस तरी म्हणाली आसती, उठा आत्या, भांडी घासा, तर मी जन्मभर राहिले आसते." हे मी मनानं रचत न्हाई.

शेवटचं. आक्का आणि काही बोलली न्हाई? अवो, भूल दिली तरी ती डॉक्टरला शिवी देऊन मग झोपायची. खरं सांगायचं नसंल तर नका सांगू. खोटं लिवू नका. बशीरभाईला मी तुमचं ते वाक्य वाचून दाखवलं न्हाई. त्याला पटलं नसतं, आणि तुमची किंमत कमी झाली आसती.

दिलशाद

•

५ ऑक्टोबर २०२५

दिलशादताई,

महिना उलटून गेला, उत्तर लिहिले नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि फाडले. आता लिहिते आहे, कारण परवा जे झाले ते तुम्हाला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बशीर इथे आले होते. घरी नाही, रानात. आम्ही सासूबाईंची रक्षा नदीत सोडली नाही. आता आमच्याकडे बरेच जण तसेच करतात. विहिरीजवळ खड्डा काढून त्यात घातली आणि वर जांभळाचे रोप लावले. हे रोज संध्याकाळी त्याला पाणी घालायला जातात. परवा गेले तर बांधावर बशीर बसलेले. मांडीवर पिशवी. त्यांना नेमकी जागा माहीत नव्हती, म्हणून उसाकडे तोंड करून बसले होते. यांना बघून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "जातो मी." हे ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. बशीर पिशवी तशीच घेऊन चालत फाट्यावर गेले.

हे घरी आले आणि ओट्यावर बसले. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "तो आला होता. मला हात जोडून गेला गं." मग भिंतीला डोके टेकून बसून राहिले. ताई, माझा नवरा बावीस वर्षे फौजेत होता, आईच्या मयताला रडला नाही. परवा रडला.

तुम्ही म्हणालात खोटे लिहू नका. आता खरे लिहिते.

शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना धाप लागायची, पण बोलणे सुरू होते. नर्सला म्हणायच्या, तुझा नवरा कसा दिसतो गं, फोटो दाखव. फोटो बघून म्हणाल्या, ठीक हाय, पण मिशी काढाय सांग. मी पहिल्यांदाच त्यांना असे बोलताना ऐकले. मला हसू आले, आणि त्यांच्यासमोर हसले म्हणून मी पदर तोंडावर घेतला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हसतीस की गं छान. एवढी वर्षं कुठं ठेवलं हुतंस?" ते मी विसरणार नाही.

आदल्या संध्याकाळी हे त्यांच्या उशाशी बसले होते, हात हातात घेऊन. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "बशाला बोलीव." हे म्हणाले, "आई, मी आहे ना." तर म्हणाल्या, "तू हायस रं. पण बशाला बोलीव. त्याला सांग, आक्का रुसलीया, समजूत काढाय ये." मग थोड्या वेळाने पुन्हा, "आला का बशा?" असे किती वेळा म्हणाल्या, मी मोजले नाही.

हे म्हणाले, "उद्या बोलवतो." आणि उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी मागून गेले, म्हटले, करा ना फोन, नंबर आहे. माझ्याकडे बघून म्हणाले, "मी शेजारी बसलोय आणि तिला तो पाहिजे." मीही फोन केला नाही. पहाटे त्या गेल्या.

म्हणून रानाच्या कडेला हात आडवा आला. ते तुमच्यावर चिडले नव्हते. रिकामे हात हे एक निमित्त मिळाले त्यांना, आणि मलाही. कडू घासाचे तुम्ही लिहिलेत ते मी चार वेळा वाचले. तुमच्या बाजूने हा विचार इकडे एकाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

बशीर यांना सांगा, राग नव्हता. रुसवा होता. तुम्ही म्हणता तसा, पुडा आणेपर्यंतचा.

राजेश्वरी

•

माधवनगर
१५ ऑक्टोबर २०२५

राजेश्वरी वहिनी,

बशीरभाई तुमच्या गावाला आल्याचं मला तुमच्या पत्रातनं कळलं. डोळे दाखवायला मिरजेला जातो, असं मला सांगून गेला हुता. आल्यावर म्हणाला, डॉक्टर भेटला न्हाई.

तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. "आक्का रुसलीया, समजूत काढाय ये" हे आलं आणि तो हसला. किती महिन्यांनी हसला. मला म्हणाला, परत वाच. परत वाचलं. परत वाच. तिसऱ्यांदा अर्ध्यावर आले, तर त्यानं पत्र हातात घेतलं आणि सोता वाचत बसला. मी आत जाऊन भाकरी टाकली. म्हटलं, आज हा जेवतोय पोटभर.

जेवला न्हाई. ताटावर बसला आणि म्हणाला, "दिलशाद, ती वाट बघत हुती गं. आणि मी हितं दारात बसून हुतो."

सांगा आता वहिनी. आधी त्याला वाटायचं, रागावून गेली. आता ठाऊक झालं, वाट बघत गेली. ह्यातलं कुठलं बरं? मीच मागं लागून खरं मागितलं तुमच्याकडं. तुमाला बोल लावत न्हाई. पण ते खरं त्याच्या घशाखाली उतरत न्हाई.

शंभूराजदादांचं म्हणाल तर मी आक्कासारखी मोकळ्या मनाची न्हाई. साताऱ्याहून सांगलीला फोन लावायला काय पैसं पडत न्हाईत. रात्रीत गाडी काढली आसती तर बशीरभाई पहाटेच्या आत तिच्या उशाला आसता. मला राग हाय, आणि तो मी गिळणार न्हाई. बशीरभाई मात्र मला वरडला. म्हणाला, "पोटचा पोरगा शेजारी बसलेला आणि आई दुसऱ्याचं नाव घेती. त्याच्या जागी तू आसतीस तर काय केलं आसतंस? त्याची समजूत काढायला तरी कोण हाय?" मी म्हटलं, त्याला बायको हाय.

हितं दिवाळी तोंडावर हाय, ब्लाउजांचा ढीग पडलाय. दरवर्षी आक्का चकलीच्या सोऱ्यावर बशीरभाईला बसवायची. लेथवाला हायस, म्हणायची, हे काय अवघड हाय तुला, दाब. तो दाबायचा आणि चकल्या वाकड्या पडायच्या. ती एकेका चकलीला गल्लीतल्या एकेकीचं नाव द्यायची, मोठ्यानं, खिडकी उघडी ठेवून. औंदा सोऱ्या माळ्यावरच हाय. जीनत इचारती, तुमी का करंना फराळ, तुमचा तर काय सण नव्हं. तिला काय सांगायचं? आमी सुतकात हाय, हे आमाला पटवून द्यायला लागतंय.

उत्तर न्हाई आलं तरी चालंल. तुमी खरं लिवलंत, तुमचा माझ्यावर उपकार झाला.

दिलशाद

•

२४ ऑक्टोबर २०२५

वन्सं,

वर काय लिहिलंय ते परत वाचू नका, बरोबर लिहिलंय. नवऱ्याच्या बहिणीला आमच्यात जे म्हणतात तेच म्हणतेय. सवय व्हायला मलाही वेळ लागेल.

दिवाळी झाली. आमच्या घरात या वर्षी कढई चढली नाही. दुखवट्याचं घर, म्हणून सोयऱ्यांनी, शेजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून दिली. लाडू, करंज्या, शेव, ओटा भरून गेला. प्रत्येक बाई ताट ठेवायची, माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि दोन मिनिटं बसून जायची. पाडव्याला एक ताट मी झाकायला घेतलं आणि तुमचं पत्र आठवलं. जिथं अठरा वर्षं राहिल्या त्या घरात एक ताट गेलं नसेल. तिथं कुणी दोन मिनिटं बसलं नसेल. मला तो लाडू गोड लागेना.

मी यांना सगळं सांगितलं. तुमची पत्रंही वाचायला दिली, आधीची आणि आत्ताची. रात्रीचं जेवण झाल्यावर ओट्यावरच्या दिव्याखाली वाचत बसले. तुम्हाला त्यांचा राग आहे ते वाचून पान उलटलं. नळावरचं वाचून मात्र म्हणाले, "आई असं बोलली?" मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हती ती, मलाही नव्हती. मग भडंगाचं वाचलं. पत्र मिटून ठेवलं आणि म्हणाले, "लहानपणी माझ्यावर रुसली की मी गूळ नेऊन ठेवायचो उशाला. फौजेत गेलो आणि बंद झालं." वन्सं, हे मला आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कळलं.

तुम्ही विचारलंत, रागावून गेलेली बरी की वाट बघत गेलेली बरी, हे मला ठरवता येत नाही, आणि कुणी ठरवू पण नये. पण एक गोष्ट मला करता येते आणि ती करायची राहून गेलीये. तुमच्या घरातलं माणूस गेलं आणि आम्ही सोयरे असून कडू घास आणला नाही. चूक तुमची नव्हती, आमची होती. लय उशीर झालाय. इतक्या उशिरा कुणी नेला असं मी ऐकलं नाही, आणि भावकीत कळलं तर हसतील. हसू देत. आत्या असत्या तर पहिल्या त्याच हसल्या असत्या, खिडकी उघडी ठेवून.

पुढच्या रविवारी, दोन तारखेला, सकाळच्या गाडीनं मी येतेय. भाकरी, पिठलं आणि भात. एकटीच येईन. हे येणार नाहीत. त्यांना अजून जमत नाही आणि मी ओढून आणणार नाही. तुमचा राग आहे तसा राहू द्या, त्याला काही माझी हरकत नाही.

पण एक सांगते. काल मी ज्वारी निवडून पिशवीत भरून ठेवली होती. आज सकाळी उठले तर पिशवी नाही. हे गिरणीवरून पीठ घेऊन आले, डोक्यावर टॉवेल, पिठानं मिशा पांढऱ्या झालेल्या. दळून आणा असं मी बोलले नव्हते. पिशवी ठेवली, हात धुतले आणि पाठमोरे उभे राहून विचारलं, "त्या बशीरला तिखट सोसतं का?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर तेवढं कळवा. फोन केला तरी चालेल, बंद करून ठेवलेला नंबर उघडलाय, तुमचा पण आणि बशीरभावजींचा पण.

जेवणं झाली की बशीरभावजींना म्हणावं, नवा पुडा घ्या आणि माझ्याबरोबर चला. जांभळाच्या बुडाला ठेवून, पाहिजे तेवढा वेळ बसून, मग परत या. यांना मी सांगितलंय. नको म्हणाले नाहीत.

आणि रविवारी सकाळी गॅस पेटवू नका. चहा पण नको. मी येईपर्यंत तुमच्या घरात काही शिजवायचं नाही.

तुमची वहिनी
राजेश्वरी